अकरा टोपल्या गाळ

"हे बघा अंकल, इथे लिहिलंय," उन्नती फूटपट्टी ओळीखाली सरकवत म्हणाली, "'मी, ॲन्सेल्म पेद्रू लोपीस, राहणार चाफेआळी, माझ्या मालकीचे बावखल समस्त गावकऱ्यांस कायम वापरासाठी देत आहे.'"

ॲन्सेल्म पेद्रू लोपीस यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. कागद मोडीत होता, त्यामुळे चष्म्याचा तसा काही उपयोग नव्हता.

"पण मी तर असं काही दिलेलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही नाही, अंकल. तारीख एकोणीसशे तेराची आहे."

"हां, मग ठीक." ॲन्सेल्मचा जीव भांड्यात पडला. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी इनेझला न विचारता कुणाला केळ्याची एक फणीही दिली नव्हती. अख्खं बावखल देऊन बसलो असतो तर घरी काय सांगायचं, याची जुळवाजुळव त्यांनी मनात सुरूही केली होती. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे आमचे आजोबा! त्यांचंही हेच नाव. आमच्यात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात ना."

"असू शकेल," उन्नती म्हणाली आणि तिने वहीत लिहिलं: 'बहुधा आजोबा. पडताळणी बाकी.'

बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. चाफेआळीचं बावखल आळीच्या मधोमध होतं आणि उन्हाळ्यात आजूबाजूच्या सगळ्या विहिरींना त्याचाच पाझर होता. टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर ॲन्सेल्मनी घरची वाडी कसायला घेतली होती. त्यांची केळी, त्यांचा मोगरा आणि इनेझची अबोली या बावखलाच्या जिवावर उभी होती. आणि महिन्यापूर्वी स्टीवन लोपीसने ग्रामपंचायतीत अर्ज टाकला होता की बावखल कुणाच्याच नावावर नाही, त्यात डास होतात, तेव्हा ते भरून तिथे लग्नाचा हॉल बांधायला परवानगी मिळावी. स्टीवन जागांच्या खरेदी-विक्रीची दलाली करायचा. ॲन्सेल्मचा तो पुतण्या लागत होता. नेमका कसा, ते आळीत कुणालाच सांगता आलं नसतं. पण आळीत सगळेच लोपीस, म्हणून वयाने लहान तो पुतण्या आणि मोठा तो अंकल, असा सोपा हिशोब होता.

सरपंच वसुंधरा राऊत यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि एप्रिलच्या शेवटच्या शनिवारपर्यंत मुदत दिली. "बावखल गावाचं आहे असा कागद आणा. आणलात तर अर्ज फेटाळते. नाही आणलात तर मला मंजूर करावा लागेल. तोंडी पुराणं मी ऐकून घेणार नाही, सगळ्यांकडे वेगवेगळी आहेत."

म्हणून ॲन्सेल्म सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर, स्थानिक दप्तरखान्यात आले होते. दोन वर्षांपूर्वी वाचनालयाने लोकांना आवाहन केलं होतं की घरातले जुने कागद, फोटो, पावत्या रद्दीत घालू नका, आम्हाला द्या. आम्ही जपून ठेवू आणि कुणालाही बघायला देऊ. लोकांनी आनंदाने माळे रिकामे केले. ते सगळं लावायला संख्याशास्त्रात बी.एस्सी. झालेली उन्नती विरारहून रोज यायची. तिने तीन महिन्यांत मोडी शिकून घेतली होती आणि तेवढ्याच काळात सगळ्या कपाटांना आकडे दिले होते. दानपत्राच्या पाकिटावर तिने लिहिलं होतं: 'क्र. २०७. आगाशीच्या एका मोडीलेखकाच्या घरून. पान १. अपूर्ण. पुढचं पान मिळालेलं नाही. सही नाही.'

"सही नसली म्हणून काय झालं?" ॲन्सेल्म म्हणाले. "नाव तर आहे. आळीत या नावाचं दुसरं आहे कोण?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांना दोनच दिवसांत मिळालं.

झालं असं की ॲन्सेल्मनी रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आजोबांच्या दानाची गोष्ट सांगितली. जरा खुलवूनच सांगितली. बावखल देताना आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हा तपशील पान क्रमांक एकवर नव्हता. सोमवारी दप्तरखान्याच्या जिन्यावर रांग लागली. सर्वांत पुढे बेकरीवाल्या घरचा कार्मिन होता.

"बावखल आमच्या आजोबांनी दिलं," कार्मिनने उन्नतीला सांगितलं. "ॲन्सेल्म पेद्रू लोपीस."

"ते तर अंकलचे आजोबा ना?"

"त्यांचे असतील. आमचेही होते. ते वेगळे."

हळूहळू उलगडा झाला की १९१३ साली चाफेआळीत तीन ॲन्सेल्म पेद्रू लोपीस नांदत होते. तिघांच्याही बापांची नावं पेद्रू, कारण त्यांच्या आजोबांची नावं पेद्रू. आळीला याचा कधी त्रास झाला नव्हता. आळीत कुणी आडनावाने माणूस ओळखतच नसे, ओळख घरावरून. ॲन्सेल्म चिंचेखालचे, स्टीवन विहिरीवरचा, कार्मिन बेकरीवाला. बेकरी बंद होऊन पन्नास वर्षं झाली होती आणि चिंच त्याआधीच पडली होती, तो भाग वेगळा. पण सरकारी कागदावर माणसाचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव. घर कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही.

उन्नतीला आधी हे ठाऊक नव्हतं. ती रांगेतल्या प्रत्येकाकडून वाडवडलांची नावं घेत गेली, बाप्तिस्म्याच्या नोंदी मागवत गेली आणि भिंतीवर चिकटवलेल्या मोठ्या कागदावर बाण काढत गेली. नाव सारखं, बापाचं नाव सारखं, आडनाव सारखं, म्हणजे माणूस एकच, असं तिने धरलं होतं. ते तर्काला धरूनच होतं. गुरुवारी इनेझ आणि ॲन्सेल्म आले तेव्हा ती भिंतीसमोर पेन्सिल चावत उभी होती.

"अंकल, एक अडचण आहे," ती म्हणाली. "तुम्ही पेद्रूंचे मुलगे. पेद्रू ॲन्सेल्मचे मुलगे. बरोबर?"

"बरोबर."

"पण ॲन्सेल्म पेद्रू लोपीस माझ्याकडे एकच आहेत. म्हणजे बाण फिरून तुमच्यावरच येतो. या तक्त्याप्रमाणे तुम्ही तुमच्या वडिलांचे मुलगेही आहात आणि वडीलही."

ॲन्सेल्मनी बाणावर बोट ठेवलं आणि फिरवत नेलं. बोट जिथून निघालं तिथेच परत आलं. उलट्या बाजूनेही फिरवून पाहिलं. तेच.

"वय काय धरलंयस माझं?" त्यांनी घाबरत विचारलं.

"एकशे एकवीस."

"तरीच गुडघे दुखतात," इनेझ म्हणाली.

उन्नतीने तक्ता खाली काढला, घरांची नावं विचारून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दरम्यान आळीत या आजोबांवरून मानपान सुरू झाले होते. कार्मिनने दाराबाहेर फळा लावला: 'बावखलदाते ॲन्सेल्म लोपीस यांचे घर'. ॲन्सेल्मनी त्याहून मोठा लावला. कार्मिन आजोबांचा फोटो घेऊन दप्तरखान्यात आला आणि म्हणाला, "नाक बघ. दानशूर माणसाचं नाक असं असतं. आणि हे माझं. सेम आहे की नाही?" उन्नतीने नाकाची नोंद घेतली. 'क्र. ३९८. पडताळणी शक्य नाही.'

सगळं गाव दप्तरखान्यात कागद देतंय म्हटल्यावर स्टीवनची आई मटिल्डासुद्धा आली. तिला बावखलाचं काही नव्हतं. तिला फक्त एकटीनेच मागे राहायचं नव्हतं. तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाय, माझ्या सासऱ्यांच्या पेटीतलं आहे. फोटो पण आहेत. सगळं ठेव. पण डबा परत दे, मला पिठाला लागतो."

शुक्रवारी उन्नतीने डब्यातल्या वस्तूंची यादी करायला घेतली. तळाशी एक मोडी पान होतं. त्याला वाळवीने सात भोकं पाडली होती. तिने ते क्रमांक २०७च्या पानावर ठेवलं आणि खिडकीसमोर धरलं. सातही भोकांतून उजेड आला. दोन्ही पानं एकेकाळी एकत्र घडी करून ठेवलेली असताना एकाच वाळवीने एकाच दमात खाल्ली होती. हे पान दोन होतं.

तिने ॲन्सेल्मना निरोप पाठवला. ॲन्सेल्म आले, त्यांच्या मागून कार्मिन आला आणि कार्मिनच्या मागून नाकवाले, बिननाकवाले असे पंधरा-वीस वारस आले.

"सही कुणाची आहे, आधी ते सांग," ॲन्सेल्म म्हणाले.

"देणारा: ॲन्सेल्म पेद्रू लोपीस. साक्षीदार पहिला: ॲन्सेल्म पेद्रू लोपीस. साक्षीदार दुसरा: ॲन्सेल्म पेद्रू लोपीस."

"एकाच माणसाने तीन वेळा सही केली?" कार्मिनने विचारलं.

"तिघे होते ना. देणाऱ्याने सही केलीय, साक्षीदारांनी दोघांनी अंगठे उठवलेत. घरांची नावं पुढे लिहिलेली असणार, पण तेवढा कोपरा वाळवीने खाल्लाय. त्याआधी एक अट आहे. ती ऐकून घ्या." उन्नतीने फूटपट्टी सरकवली. "'माझ्या वंशजांपैकी निदान एकाने वेळोवेळी स्वतः बावखलात उतरून गाळ काढावा. सलग नऊ वर्षे कोणीही वंशज उतरला नाही तर हे दान रद्द समजावे आणि बावखल माझ्या वंशजांकडे परत जावे.'"

"स्वतः?" मागून कुणीतरी विचारलं.

"स्वतः उतरून."

चाफेआळीच्या बावखलाचा गाळ कसा असतो ते सगळ्यांना माहीत होतं. कमरेइतका, काळा, आणि वास असा की माणूस चार दिवस घरात एकटा जेवतो.

"आमचे आजोबा," कार्मिन सावकाश म्हणाला, "मला वाटतं, साक्षीदार असतील. अंगठेवाले."

"काल तर नाक सेम आहे म्हणालात."

"नाक काय बाय, सगळ्यांनाच असतं."

पाच मिनिटांत जिना मोकळा झाला. संध्याकाळपर्यंत कार्मिनचा फळाही उतरला. ॲन्सेल्म मात्र खुर्चीतच बसून राहिले. आपले आजोबा पोस्टातून येणाऱ्या मनीऑर्डरीवर अंगठा उठवायचे आणि मग शाई डोक्याला पुसायचे, हे त्यांना लख्ख आठवत होतं. गेले पाच दिवस त्यांनी ते निग्रहाने आठवलं नव्हतं.

"असू दे," अखेर ते म्हणाले. "दिलं कुणी का असेना. गावाला दिलं एवढं तर सिद्ध झालं ना? झालं काम. उद्या हा कागद पंचायतीत."

तेवढ्यात स्टीवन जिना चढून आला. त्याला बातमी कळली होती, पण अर्धी. त्याने उन्नतीकडून अट दोनदा वाचून घेतली. दुसऱ्यांदा वाचून होईतो त्याचा चेहरा लग्नाच्या हॉलसारखा उजळला.

"म्हणजे वंशजांनी नऊ वर्षं गाळ काढला नाही, तर बावखल वंशजांचं?"

"असं लिहिलंय."

"मग वंशज मीच!" स्टीवन म्हणाला. "पान आमच्या डब्यात मिळालं. आमचे पणजोबा बँडमास्तर होते, ॲन्सेल्म पेद्रूच. लिहिता-वाचता येणारे आळीत ते एकटे. बँडच्या सुपारीचे कागद मी आणून देतो, सही लावून बघा."

त्याने अर्ध्या तासात कागद आणले. उन्नतीने भिंग घेतलं, अक्षरं मोजली, कोन ताडून पाहिले. बँडच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: 'राहणार विहिरीवर'. सही तीच होती. तिने तसा दाखला लिहून स्टीवनच्या हातात दिला. ॲन्सेल्म बघत राहिले.

"बाय," स्टीवन गेल्यावर ते म्हणाले, "तू आहेस कुणाच्या बाजूने?"

"मी कागदाच्या बाजूने, अंकल. जो विचारेल त्याला दाखवायचे, असा नियम आहे."

"अगं, पण कागद आहे तरी कुणाच्या बाजूने? पान एक म्हणतं बावखल गावाचं. पान दोन म्हणतं स्टीवनचं. मी कागद शोधला नसता तर अर्जावर निदान भांडता तरी आलं असतं!"

उन्नतीने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "खरं आहे," ती म्हणाली.

ॲन्सेल्मना हे उत्तर नको होतं. "आज मी उतरलो तर? आत्ता, या पँटीवर?"

"स्टीवन म्हणाला, त्याचे वडील शेवटचे उतरले एकोणनव्वदला. आता दोन हजार एक. बारा वर्षं झाली. शिवाय तुमचे आजोबा अंगठेवाले. तुम्ही उतरलात तरी ते नुसतं उतरणं होईल."

ॲन्सेल्म घरी गेले आणि इनेझला सगळं समजावून सांगू लागले. ज्यांनी गाळ काढायचा होता त्यांनी काढला नाही, म्हणून तळं त्यांना बक्षीस मिळणार. ज्यांना तळं हवंय त्यांना गाळ काढायचा हक्क नाही. आणि हे सगळं सिद्ध करून देणारा कागद आपणच उकरून काढला. तीनदा सांगून झाल्यावर इनेझ म्हणाली, "मला एवढंच कळलं, की पुढच्या वर्षी अबोली नाही." मग ती उठून विहिरीवर गेली आणि कळशी भरून आली. पाणी अजून वर होतं.

शनिवारी सकाळी पंचायतीच्या खोलीत बसायला जागा नव्हती. स्टीवन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. मटिल्डाला त्याने पहिल्या खुर्चीत बसवलं होतं, कारण ती त्याची साक्षीदार होती. उन्नतीने डब्यातली प्रत्येक वस्तू आणि यादी सोबत आणली होती. एका गठ्ठ्यातला एकच कागद बाहेर न्यायचा नाही, गठ्ठा पूर्ण न्यायचा, हाही नियमच होता.

वसुंधराबाईंनी दोन्ही पानं आणि दाखला वाचला. "स्टीवन, तू वंशज हे सिद्ध झालं. आता मला सांग, नऊ वर्षांत तुमच्या घरातलं कुणी उतरलं?"

"कुणीही नाही!" स्टीवन छाती काढून म्हणाला. "पपा एकोणनव्वदला उतरले. नव्वदला वारले. मोठा भाऊ कुवेतला."

"आणि तू?"

"मी? मॅडम, मी आयुष्यात त्या गाळाला बोट लावलेलं नाही. एक टोपली नाही. देवाशपथ!"

आळशीपणाची अशी जाहीर कबुली पंचायतीच्या खोलीत याआधी कुणी दिली नव्हती. मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. ॲन्सेल्मनी डोळे मिटून घेतले. त्यांना बंद डोळ्यांपुढे हॉल दिसत होता, आणि हॉलच्या दारात केळीचे खांब बांधलेले. तेही बाहेरून आणलेले.

"मटिल्डाबाई," वसुंधराबाई म्हणाल्या, "मुलगा म्हणतो ते बरोबर?"

मटिल्डा पदर सावरून उभी राहिली.

"हॉल व्हावा असं मलाही वाटतं," ती म्हणाली. "पण याने देवाचं नाव घ्यायला नको होतं. रे, पेजर विसरलास?"

"मम्मी, गप्प!"

"गप्प काय? माझ्यादेखत खोटी शपथ घेतोस, उद्या मिस्सेला कुठल्या तोंडाने जाऊ?" ती सरपंचांकडे वळली. "याचा पेजर पडला बावखलात. नवीन होता. तीन दिवस उतरला होता हा, इथपर्यंत. गाळ काढून काढून काठावर टाकायचा आणि चिवडायचा. अकरा टोपल्या! टोपल्या माझ्याच होत्या, म्हणून मोजल्या. सगळा गाळ मी नारळांना घातला. त्या वर्षी काय नारळ लागले!"

खोलीत गलका झाला. "कधी?" वसुंधराबाईंनी टेबलावर हात आपटून विचारलं. "कुठल्या वर्षी?"

"ते नाही बाई लक्षात. थोरला कुवेतहून आला होता तेव्हा. त्याने फोटो पण काढला, याला चिडवायला."

उन्नती यादी चाळत होती. तिचं बोट एका ओळीवर थांबलं आणि तिचे कान लाल झाले. "क्रमांक ४३१," ती म्हणाली. "मी 'अनोळखी इसम, चिखलात' असं लिहिलंय." तिने पाकिटातून फोटो काढला. फोटोत कमरेपर्यंत गाळात रुतलेला, डोक्यापासून काळा झालेला एक माणूस हातात टोपली धरून कॅमेऱ्याकडे संतापाने बघत होता. कोपऱ्यात नारिंगी आकडे उमटले होते: '96 5 18.

"हा मी नाहीच," स्टीवन म्हणाला. "कोण आहे ते कळतंय तरी का?"

"मी माझ्या पोराला ओळखणार नाही?" मटिल्डा कडाडली. "लहानपणापासून असाच यायचास घरी."

ॲन्सेल्मनी डोळे उघडले. शहाण्णव ते दोन हजार एक म्हणजे पाच. पाच म्हणजे नऊपेक्षा कमी. त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं.

"एक सांगायला हवं," उन्नती मध्येच म्हणाली. "कॅमेऱ्यातली तारीख चुकीचीही लावलेली असू शकते. एकट्या आकड्यावर विसंबता येणार नाही."

ॲन्सेल्मना त्या मुलीला उचलून विरारला नेऊन ठेवावंसं वाटलं. स्टीवनने तेवढ्यात आशेने मान वर केली. पण उन्नती पुढचं पाकीट उघडत होती. "म्हणून त्याच रोलमधले बाकीचे फोटोही बघू. निगेटिव्हच्या पट्टीवर चिखलातला फोटो एकोणिसावा आहे. विसावा हा, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या मुलांचा. मागच्या पडद्यावर छापलंय, 'मे १९९६'."

आता वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण स्टीवनने घातला. "मी गाळ काढत नव्हतो! मी पेजर शोधत होतो!"

वसुंधराबाईंनी पान दोन पुन्हा समोर ओढलं. "उतरलास?"

"उतरलो."

"स्वतः?"

"स्वतः, पण..."

"गाळ बाहेर आला?"

"अकरा टोपल्या," मटिल्डा म्हणाली.

"का काढावा, ते पत्रात लिहिलेलं नाही," उन्नती म्हणाली.

वसुंधराबाईंनी अर्जावर लाल शाईने आडवी रेघ मारली. बावखल गावाचं राहिलं. खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: सिद्ध झालेले वंशज श्री. स्टीवन लोपीस यांनी येत्या मे महिन्यात गाळ काढावा. स्टीवन वंशज आहे हे त्याने स्वतःच इतकं पक्कं सिद्ध करून ठेवलं होतं की त्यातून सुटायला त्याला फटही सापडेना.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी स्टीवन बावखलात उतरला. पहिला तास त्याने तोंड वाकडं करून काढला. मग काठावर माणसं जमू लागली. कुणीतरी त्याला 'दात्याचा पणतू' म्हणालं. पणजोबांच्या बँडमध्ये वाजवणाऱ्यांची नातवंडं काठावर येऊन वाजवू लागली. मटिल्डाने वडे तळायला घेतले. अकरा वाजेपर्यंत स्टीवन कमरेवर हात ठेवून टोपली घ्या, तिकडे ओता, असे काठावरच्यांना हुकूम सोडू लागला होता. आता त्याला गाळाचा वास येईनासा झाला असावा.

ॲन्सेल्म घमेलं आणि फावडं घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर आले.

"अंकल, तुम्ही कुठे?" स्टीवन खालून ओरडला.

"उतरतो ना. बावखल वाचवलं कुणी?"

"नाही नाही, पत्रात स्पष्ट आहे. वंशजांनी उतरायचं. तुम्ही साक्षीदाराच्या घरातले. तुम्ही तिथे खुर्ची घ्या आणि बघा. साक्षीदाराचं काम तेच."

सगळे हसले. ॲन्सेल्मही हसले. इनेझने खुर्ची आणून दिली, तिच्यावर ते बसले. गाळ उपसला जात होता, तळाशी स्वच्छ पाणी झिरपू लागलं होतं, त्यांच्या केळीला आता काही धोका नव्हता. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. त्यांनी एक वडा खाल्ला. मग पँट खाली केली. मग पुन्हा दुमडली. स्टीवनच्या टोपल्या ते मनातल्या मनात मोजत होते आणि प्रत्येक टोपली त्यांना अर्धीच भरलेली वाटत होती. वर्षातले बावन्न रविवार त्यांनी या काठावर काढले होते. साक्षीदार म्हणे!

मंगळवारी दप्तरखाना उघडला तेव्हा ते जिन्यात उभे होते.

"बाय," त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "आईकडून वंशज झालं तर चालतं का?"

उन्नतीने दोन्ही पानं काढून पाहिली. "आईकडून की बापाकडून, ते लिहिलेलं नाही. चालायला हवं. तुमच्या आईचं माहेर कुठलं?"

"आळीतलंच. आईची आई विहिरीवरची होती, असं ऐकलंय. म्हणजे बहुतेक."

"बहुतेक चालणार नाही, अंकल. शोधावं लागेल. बाप्तिस्म्याच्या नोंदी, लग्नाच्या नोंदी. वेळ लागेल."

"लागू दे. नीट होऊ दे. भिंतीवर बाण काढायचे तर काढ, माझी हरकत नाही."

तिने छापील अर्ज पुढे केला. ॲन्सेल्मनी नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं आणि त्यापुढे, रकाना नसतानाही, 'चिंचेखालचे' असं लिहिलं. शेवटी प्रश्न होता: 'माहिती कशासाठी हवी?' त्यांनी थोडा विचार केला, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'गाळ काढण्यासाठी.'